रावण दारात, विष्णू आत

काकू बँकॉकहून परतल्या हे मला धुण्याच्या दोरीवरून कळलं. एरवी काकांच्या बंड्या आणि पंचे वाळत असतात तिथे हत्तींची रांग छापलेला शर्ट लोंबत होता. कढीपत्ता तोडायचं निमित्त करून मी मेंदीच्या कुंपणाशी गेले.

"आलात? बाळ-बाळंतीण कशा आहेत?"

"दोघी छान. सगळे लाडू संपवले तिने. पण अगं, बाळंतपण परवडलं, ते विमानतळ नको!"

लेक-जावई तिकडे नोकरीला, म्हणून काका-काकू दोघंच गेले होते. मुंबईपर्यंत गाडी का केली नाही, ही चर्चा आळीत आधीच होऊन गेली होती. काकांचं म्हणणं, 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल येते ती कशाला? डहाणू रोडहून अंधेरी, मेट्रोने मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रो, आणि पुढचंच स्टेशन विमानतळ.

"मग जमलं का हो तसं?"

"जमलं की! विमान रात्रीचं, आम्ही दुपारीच निघालेलो. अंधेरीचा पूल बॅगा घेऊन चढले आणि ह्यांच्याशी बोलणं बंद केलं, ते विमानात बसल्यावर सुरू केलं."

"आणि बॅगेतलं काय काय काढून घेतलं?"

ही माहिती मला हवीच होती. आमच्या चिखले गावाहून कोणी कुठे निघालं की अर्धी बॅग वाडीची असते.

"सुकं खोबरं. तेल असतं ना, पेट घेतं म्हणे. चिकू मी नेलेच नाहीत, ताज्या फळांची कटकट असते, नुसत्या चिप्स नेल्या. तर तिकडे बाजारात चिकूच चिकू! लमुत म्हणतात. सोलून, कापून, पिशवीत भरून देतात. मी जावयांना म्हटलं, घोलवडच्या चिकूला 2016 साली सरकारी शिक्का मिळालाय, हा घोलवडचा नव्हे. खाल्ला मात्र सगळा."

"आणि लोणचं?"

"तिथे गंमत झाली. लोणचं होतं माझ्या हातातल्या पिशवीत आणि फोनची पॉवर बँक ह्यांनी मोठ्या बॅगेच्या तळाला घातलेली. हवं नेमकं उलट. लोणचं ते पातळात धरतात आणि 100 मिलीच्या वर पातळ हातात चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातच पाहिजे. बॅगा द्यायच्या रांगेत खाली बसून अदलाबदल केली. मागचे लोक बघतायत, हे वर बघतायत, जसे काही माझे कोणी नव्हेतच."

कागदपत्रांचं काकूंनी झटक्यात सांगितलं. त्या गेल्या तेव्हा 60 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम बदलत असतात, निघण्याआधी बघून घ्यायचे. दुसरं म्हणजे थायलंडचा ऑनलाइन अर्ज. 1 मे 2025 पासून तो सगळ्या परदेशी प्रवाशांना भरावाच लागतो, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. "फुकट असतो हं! खालच्या आळीतल्यांनी कुठल्याशा साइटवर पैसे भरले आणि वर सगळ्यांना सांगत फिरले, आम्ही व्हीआयपी अर्ज केला म्हणून."

"मग उतरल्यावर?"

"चालायचं. सरकते पट्टे आहेत, पण ते संपले की परत चाला. वर्षाला सहा कोटींच्या वर माणसं येतात-जातात त्या सुवर्णभूमीवर, आणि त्या पहाटे निम्मी माझ्यापुढेच होती! ठसे दे, फोटो दे, राहणार कुठे ते सांग. लेकीचा पत्ता मी कागदावर लिहून ठेवलेला. ह्यांचा फोनमध्ये, आणि फोन बंद."

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून जावयांनी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, काकांनी नको म्हटलं. लोक काय म्हणतील! यावर काकू कुंपणावरून वाकल्या, आवाज खाली आला. "आणि आमच्या विमानात ती होती ना, तलासरीकडची, नवरात्रात गरबा संपेपर्यंत नाचते ती? व्हीलचेअरवर! रांग नाही, काही नाही. आमच्या आधी बाहेर. सामानाच्या पट्ट्याशी मात्र स्वतःची बॅग टुणकन उडी मारून उचलली."

विमानतळावरची निम्मी दुखणी दारापाशी बरी होतात, हे मी इतरांकडूनही ऐकलंय.

"टॅक्सी मिळाली?"

"जावई आलेले. पण ती व्यवस्था चांगली आहे. पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, त्यावर नंबर, त्या रांगेतली टॅक्सी. चिठ्ठी टाकायची नाही. तळघरातून रेल्वेपण आहे शहरात जायला. आणि येताना टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' म्हणायचं नाही. तिथे दोन आहेत. जुना डॉन मुआंग आणि हा 2006 चा. स्वस्तातली बरीच विमानं जुन्यावरून."

परतीची गोष्ट सांगताना काकू खऱ्या रंगात आल्या. चौथ्या मजल्यावर, बॅगा द्यायच्या तिथेच, उंचच उंच राक्षस उभे. त्यातला एक म्हणजे रावण. "मी म्हटलं, अहो, ह्याला दारात कशाला ठेवलाय? हे म्हणाले, राखणीला. पासपोर्ट तपासून आत गेलो तर समोर समुद्रमंथन! केवढा तो वासुकी. एकीकडे देव, एकीकडे असुर, खाली कासव, वर विष्णू. मी चपला काढून हात जोडले. मागे वळले तर एक बाई माझेच फोटो काढत होती."

"विमान चुकलं नाही ना त्यात?"

"देवाने नाही गं, दुकानांनी चुकलं असतं! मुद्दाम वाटेतच मांडलीत. हे अत्तरं हुंगत बसले. पासवर गेट 'एस'चं. एस म्हणजे ह्या इमारतीत नाहीच. 2023 मध्ये पलीकडे दुसरी बांधलीय, तिकडे जमिनीखालून बिनड्रायव्हरची गाडी जाते. हे आम्हाला कोणी सांगितलं? झाडणाऱ्या बाईने. मी पास पुढे धरला, तिने बोट केलं, मग स्वतःच जिन्यापर्यंत सोडायला आली. भाषा कुठे लागते? आधी गेट गाठायचं, तिथे बूड टेकायचं, मग काय हुंगायचं ते हुंगा. आणि जेवायचं आत जायच्या आधी, पहिल्या मजल्यावर. तिथले कामगार जेवतात तिथे. कुपन घ्यायचं, उरलेले पैसे परत. वरच्या निम्म्या पैशांत पोट भरतं."

एवढ्यात काका पडवीत आले. हत्ती नव्हते, बंडीच होती.

"त्या विमानतळाचा कंट्रोल टॉवर सांगितलास का? 132 मीटर! झाला तेव्हा जगात सगळ्यात उंच."

"आपल्या थर्मल वीज केंद्राच्या चिमणीच्या निम्मासुद्धा नाही," काकू म्हणाल्या. चिमणी 275 मीटर आहे, हे डहाणूत पोरांनाही पाठ.

"पण जागा बघ. नुसती दलदल होती, नागांची. तिथे एवढं उभं केलं. आता वाढवणला बंदर होतंय, त्याच्याजवळ विमानतळही आणणार म्हणतात. मग कशाला लोकल नि मेट्रो? जेवून निघायचं."

"बंदराला विरोध करणाऱ्या मच्छीमारांनी होऊ दिलं तर!" मी म्हटलं.

"आणि सुवर्णभूमीची जागा घेतलेली 1973 ला, विमान उडालं 2006 ला, हे तुम्हीच वाचून दाखवलंत मला," काकू म्हणाल्या. "तेवढीच वर्षं इथे लागली तर तुम्ही शंभरी ओलांडलेली असेल. तेव्हा तरी व्हीलचेअर घ्याल ना?"

काका म्हणाले, "बघू."