गोलकीपर कुंपणावर चढला तेव्हा...

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा इकडे, ओरडून सांगण्यातली गोष्ट नाही ही. डॉर्टमुंडचा तो गोलकीपर, वाइडेनफेलर... हो तोच, वर्ल्ड कपच्या टीमबरोबर जाऊन आलेला... मॅच संपल्यावर सरळ कुंपणाच्या जाळीवर चढला आणि पलीकडच्या माणसांची समजूत काढायला लागला! कॅप्टन हुमेल्सही गेला मागोमाग. आणि पलीकडची माणसं म्हणजे काय तुम्ही-आम्ही दोघी नव्हेत, पिवळी भिंत ती! पंचवीस हजार माणसं एका स्टँडमध्ये उभ्यानं मॅच बघतात. खुर्ची नाही, काही नाही. ती सगळी त्या रात्री पेटलेली.

पेटणार नाहीत तर काय? घरच्या मैदानावर ऑग्सबुर्गकडून हरले, 1-0. बरं, ऑग्सबुर्गचा एक जण रेड कार्ड खाऊन बाहेर गेलेला. म्हणजे समोर दहाच जण, तरी एक गोल परत करता आला नाही! 4 फेब्रुवारी 2015, बुधवार. लीगमध्ये टीम अठरा, आणि डॉर्टमुंड अठरावं. दोनच वर्षांपूर्वी चॅम्पियन्स लीगची फायनल खेळलेली टीम हो! मग शिट्ट्या सुरू झाल्या. तिकडे शिट्टी म्हणजे कौतुक नव्हे हं, राग. खेळाडूंचे चेहरे असे उतरले होते, एकालाही वर बघवेना.

पण मजा पुढेच आहे. राग सगळा खेळाडूंवर. मॅनेजरवर नाही! टीम तळाला गेली की पहिला नारळ कोणाला मिळतो? मॅनेजरला. जगाची रीतच आहे ती. आणि इथे तो क्लॉप, ती टोपी, तो चष्मा, ते वाढलेले दाढीचे खुंट... आणि त्याला 'आता पुरे, निघा' म्हणायला कोणी तयार नाही. आमचे हे म्हणतात, तुला काय करायचंय डॉर्टमुंडशी? अहो, मला काय करायचंय म्हणजे? माणसं एखाद्याच्या पाठीशी का उभी राहतात, हे बघायला नको?

तर काय सांगत होते... हां, पाठीशी का उभे राहिले. त्याला मागचं सगळं माहीत असावं लागतं. 2005 मध्ये क्लबचं दिवाळं निघायची वेळ आली होती, आठवतंय ना? त्याच्या थोडं आधी बायर्न म्युनिकनं त्यांना दोन मिलियन युरो उसने दिले होते. हो हो, बायर्ननं! आणि ते बाहेर फोडलं कोणी, तर बायर्नच्याच हेनेसनं, पुढे कितीतरी वर्षांनी. उसने द्यायचे ते द्यायचे, वर चारचौघांत सांगायचं सुद्धा. बघा म्हणजे.

त्या पडक्या घरात 2008 ला क्लॉप आला. पैसा नाही, नावाजलेले खेळाडू नाहीत. यानं कोवळी पोरं घेतली आणि पळ पळ पळवलं त्यांना. 2011 ला लीग जिंकली. लोक म्हणाले, नशीब. 2012 ला परत जिंकली, वर जर्मन कपही, फायनलमध्ये त्याच बायर्नला 5-2 नं झोपवून! लेवांडोव्स्कीचे तीन गोल. त्या दिवशी बायर्नवाल्यांची तोंडं... जाऊ दे, दुसऱ्याच्या दुःखात हसू नये म्हणतात. मी हसले होते.

पण बायर्न गप्प बसतं होय? एप्रिल 2013. रिआल माद्रिदशी सेमीफायनल, आणि आदल्याच दिवशी बातमी फुटली की गोट्झे बायर्नला चालला. घरचं पोर हो ते, लहानपणापासून डॉर्टमुंडमध्ये वाढलेलं! 37 मिलियन मोजले. आपण कामवालीला पोळ्या लाटायला शिकवायचं, वरण कसं लागतं ते शिकवायचं, आणि ऐन गौरी-गणपतीत शेजारणीनं पाचशे रुपये वाढवून तिला पळवायचं, तसलं ते. आणि क्लॉप काय म्हणाला ठाऊक आहे? गोट्झेला बायर्नला येणाऱ्या मॅनेजरकडे, ग्वार्डिओलाकडे खेळायचंय, दोष कोणाला द्यायचाच तर मला द्या. मी काही पंधरा सेंटीमीटरनं बुटका होऊन स्पॅनिश बोलायला लागू शकत नाही! अहो, पोटात आग पडलेली असताना असं बोलायला जिगर लागते. म्हणून तर लोकांचा जीव त्याच्यावर.

रिआलला तरी हरवलंच हं त्यांनी, 4-1. चारही गोल लेवांडोव्स्कीचे. मग वेम्बलीला फायनल, समोर कोण? बायर्न. शेवटच्या मिनिटांत रॉबेननं गोल मारला आणि संपलं. आणि पुढल्या वर्षी तो लेवांडोव्स्कीही गेला. कुठे ते मी सांगायला हवं का? आणि एक पैसा मिळाला नाही त्याचा, करारच संपला होता.

बरं, त्याच्या जागी आणला इम्मोबिले. इटालियन लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल मारून आलेला. इथे अख्ख्या सीझनमध्ये लीगचे गोल किती? तीन! आणि तो काय म्हणाला ऐका... म्हणाला, आठ महिने झाले, टीममधल्या एकानंही आम्हाला जेवायला बोलावलं नाही! आता बघा, वहिनी, मला त्या पोराची दया येते. नवीन देश, बरोबर बायको, आणि एकाच्याही घरून निरोप नाही की या, दोन घास खाऊन जा. ऐकल्यावर जर्मनांना राग आला म्हणे. येणारच. खरं बोललं की येतोच राग. मला विचाराल तर एकदा पिठलं-भाकरीला जरी बोलावलं असतं ना, तरी चार गोल जास्त मारले असते त्यानं.

आणि त्यांचाच तो रॉयस! ते ऐकलंत ना? त्याच सीझनच्या डिसेंबरात, टीम गटांगळ्या खात असताना, कळलं की हा इतकी वर्षं लायसन्सशिवाय गाडी चालवतोय! टेस्टच दिली नव्हती कधी! दंड किती, सांगा बरं? पाच लाख चाळीस हजार युरो! आपल्याकडे पावती फाडताना माणसं पोलिसाशी शंभर रुपयांवरनं घासाघीस करतात.

तर सांगत काय होते... डिसेंबर. नाताळच्या सुट्टीला टीम गेली तेव्हा सतरा मॅचमध्ये पंधरा पॉइंट, नंबर सतरावा. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी युरोपात चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये पहिले! आर्सेनल त्यांच्या खाली! म्हणजे बुधवारी राजे आणि शनिवारी भिकारी. याला काय म्हणायचं? लोक म्हणाले वर्ल्ड कपनं दमलेत, लोक म्हणाले दुखापती फार, आणि काही जण कुजबुजायला लागले की क्लॉपचं पळवणं आता सगळ्यांना कळलंय, समोरचे मागे भिंत घालून बसतात आणि यांना वाट सापडत नाही. मला तर हे तिसरंच पटतं. पण स्टँडमध्ये ते मोठ्यानं म्हणायचं कोणी?

त्यात त्या क्लबचा मालकासारखा वागणारा कारभारी वात्स्के. तो ठाम. क्लॉपला काढणार नाही म्हणजे नाही. क्लॉपचा करारही 2018 पर्यंतचा. आता तुम्ही म्हणाल, वरचा ठाम म्हणून खालचे गप्प. पण तसं नाही हं ते! तिथे उलटंही आहे. खालची पंचवीस हजार ओरडली असती तर वात्स्केचा ठामपणा किती दिवस टिकला असता? मी तरी एका गुरुवारच्या पलीकडे धरत नाही.

आणि क्लॉपला ही सवयच आहे लोकांना माया लावायची. त्याच्या आधी माइन्झमध्ये काय कमी झालं? 2002 मध्ये वरच्या लीगमध्ये जायची संधी एका पॉइंटनं हुकली. 2003 मध्ये एका गोलनं, तीही शेवटच्या क्षणी, दुसऱ्याच मैदानावर फ्रँकफुर्टनं गोल मारला म्हणून! असं झाल्यावर एखादा गाव सोडून गेला असता. माइन्झवाले याच्याच गळ्यात पडले. 2004 ला चढले, 2007 ला परत खाली आले, तरी याला कोणी हाकललं नाही आणि हाही गेला नाही. वर्षभरानं निघाला तेव्हा निरोपाला चौकात हजारो लोक, आणि हा स्टेजवर हुंदके देऊन रडतोय. सहा फुटांच्या वरचा बाप्या!

तर ऑग्सबुर्गनंतर. कुंपणावरचं ते बोलणं कामाला आलं म्हणा, नाहीतर काय म्हणा, पुढच्या चार मॅच ओळीनं जिंकल्या. मध्येच रॉयसनं करार वाढवला. सगळे धरून चालले होते की हाही बायर्नला जाणार, आणि हा म्हणतो मी इथंच! लायसन्सचं सगळं विसरले लोक त्या दिवशी. आणि चौथी मॅच कोणाशी? शाल्केशी! शेजारी हो, अर्ध्या तासावरचे. इतकं वैर की डॉर्टमुंडवाले त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत, 'हेर्ने-वेस्ट' म्हणतात. ती 3-0 नं जिंकली आणि पहिला गोल झाल्यावर औबामेयांगनं कुठून तरी बॅटमॅनचा मुखवटा काढला आणि घातला तोंडाला, रॉयसला रॉबिनचा! खरंच सांगते! तळातून नुकती वर आलेली टीम, आणि तालमी करून आलेत बॅटमॅन-रॉबिनच्या. मला तर हसू आवरेना.

पण क्लॉपनं मनाशी ठरवलं होतं काहीतरी. 15 एप्रिल 2015. पत्रकार बोलावले, शेजारी वात्स्के बसलेला, आणि हा शांतपणे सांगतो की या क्लबला हवा तो परफेक्ट कोच आता मी राहिलेलो नाही असं वाटलं की सांगेन म्हणत होतो, तर आता सांगतो. सीझन संपला की मी निघतो. वात्स्केचा गळा दाटून आला, डोळे पाणावले. ज्याला काढा असं कोणीच म्हणत नाही, तोच म्हणतो मी जातो... बघा कसं असतं.

आणि मग 28 एप्रिल! कपची सेमीफायनल, म्युनिकमध्ये. 1-1. पेनल्ट्या. बायर्नचा लाम आला आणि घसरला. अलोन्सो आला, तोही त्याच जागी घसरला! मग कोण आला? गोट्झे. अडवला डॉर्टमुंडच्या लँगराकनं. शेवटी नॉयर, गोलकीपर असून पेनल्टी मारायला आला, बार वाजवून गेला. चारांतली एक नाही! उसने पैसे, 37 मिलियन, फुकटचा लेवांडोव्स्की, सगळ्याचं व्याज एका रात्रीत. फायनल मात्र हरले व्होल्फ्सबुर्गशी, 3-1. लीगमध्ये सातवे आले. अठराव्यापासून सातवे. शेवटच्या घरच्या मॅचला ब्रेमेनला हरवलं आणि सगळ्या स्टँडमधनं क्लॉपच्या नावाचा घोष.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ऑक्टोबरात लिव्हरपूल. आणि 2016 ला युरोपा लीगमध्ये समोर कोण, तर डॉर्टमुंड! पहिल्या मॅचला सगळे उभे राहून याला टाळ्या देतायत. दुसरीला अ‍ॅनफील्डवर डॉर्टमुंड नऊ मिनिटांत दोन गोलनं पुढे, मग 3-1, आणि तरी 4-3 नं हरले, शेवटचा गोल अगदी इंज्युरी टाइममध्ये. ज्याच्यासाठी रडले त्यानंच रडवलं. तरी राग नाही हं! तेही माफ.

मग माफ काय नाही केलं? सांगते, आणखी जवळ या. सप्टेंबर 2024. लिव्हरपूल सोडून मोकळा झालेला क्लॉप जुन्या दोन पोलिश खेळाडूंच्या निरोपाच्या मॅचला डॉर्टमुंडला आला. स्टेडियम खचाखच. काय ते प्रेम, काय ती गाणी! आणि जेमतेम महिना झाला, 9 ऑक्टोबरला बातमी आली: क्लॉप रेड बुलच्या नोकरीत! रेड बुल! ज्यांनी लाइपझिश क्लब 2009 मध्ये पैशाच्या जोरावर उभा केला म्हणून डॉर्टमुंडवाले त्यांच्या नावानं बोटं मोडतात. 2017 मध्ये लाइपझिशशी झालेल्या मॅचला इतका दंगा आणि असले बॅनर झाले होते की शिक्षा म्हणून पिवळी भिंतच एका मॅचपुरती बंद ठेवावी लागली होती! आणि हा तिथे पगाराला!

चेहरे पडले हो सगळ्यांचे. माइन्झवाल्यांचे सुद्धा, तिथेही बॅनर लागले. टोनी क्रोसच्या पॉडकास्टवर जाऊन क्लॉप म्हणाला, मला कोणाला दुखवायचं नव्हतं. नव्हतंच असेल. पण माणूस हरला, तळाला गेला, घर सोडून गेला, परत येऊन आपल्यालाच हरवून गेला, तोवर यांनी एक शब्द काढला नाही. आणि एका एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरनं बोलणं बंद? आमचे हे म्हणतात, पोटापाण्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, क्लॉपच्या पोटापाण्याचा? तुम्ही काहीतरीच बोलता! दुसरी नोकरी मिळत नव्हती का त्याला?

आता पुढच्या वेळी तो त्या स्टेडियममध्ये आला की काय होतं ते बघायचं. टाळ्या पडतील, पडतील हो... पण आधी शिट्ट्या. मी तर पैज लावायला तयार आहे. तुम्ही कशावर लावता?