यंदाची खुळं

यंदा मला एकदम चार खुळं लागली आहेत. एरवी एका वेळी एकच असतं. मागचं उतरल्याशिवाय पुढचं चढत नाही. क्रोशाचं उतरलं तेव्हा घरातल्या टीव्हीला, फ्रिजच्या मुठीला, गॅसच्या सिलिंडरला आणि नवऱ्याच्या हेल्मेटलाही कपडे झाले होते. हेल्मेटच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा होता. ते घालून आमचे हे एकदाच खर्डीला जाऊन आले आणि त्यानंतर हेल्मेट सापडेनासं झालं. मी फार चौकशी केली नाही.

खुळं लागायला उंबरमाळी फार सोयीची जागा आहे. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं हे आमचं स्टेशन. नाशिककडच्या मेल गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता घाट चढायला निघून जातात. थांबते ती कसारा लोकल, आणि ती चुकली की आयुष्याचा हिशेब मांडायला भरपूर वेळ मिळतो. मी हिशेब मांडत नाही, मोबाईल बघते.

तिथेच मला तांदळाचं पाणी भेटलं. कोरियातल्या मुली म्हणे त्याने तोंड धुतात आणि त्यांची कातडी काचेसारखी होते. दुसऱ्या व्हिडिओत चीनमधल्या हुआंगलुओ गावच्या याओ बायका आंबवलेल्या धुवणाने केस धूत होत्या. केस कसले, गाडीचे दोर होते. मला हसूच आलं. आमच्या आजूबाजूला तांदळाला काय तोटा? पलीकडच्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मुरबाडकर आपल्या झिणीपुढे त्या कोलमलाही मानत नाहीत, आणि एवढ्या सगळ्या तांदळाचं धुवण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हशीच्या आंबोणात ओतत आलो. आमच्या म्हशीची कांती बघितली तर कोरियाचं म्हणणं खोटं नाही.

मी धुवण बाटलीत भरून तीन दिवस ओट्यामागे ठेवलं. सोमवारी पहाटे केसांना चोळलं, वरून पाणी घेतलं, ओला अंबाडा घातला आणि गाडी पकडली. आटगावला एकीने खिडकी उघडली. आसनगावला दुसरीने पिशवीतून डबा काढला, हुंगला आणि “माझा नाही हां,” असं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. “कुणीतरी आंबोळीचं पीठ नेतंय,” असं वासिंदला ठरलं. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकणं हा लोकलचा कायदाच आहे. त्या दिवशी चौथी काय, माझ्या शेजारी दुसरीही टेकली नाही. टिटवाळ्यानंतर एवढं ऐसपैस बसून मी जन्मात गेलेली नाही. केसांना फरक पडला की नाही ते सांगता येत नाही, पण गर्दीवर उपाय म्हणून हे पाणी उत्तम.

दुसरं खूळ गोंदणाचं, म्हणजे उठून जाणाऱ्या गोंदणाचं. सासूबाईंच्या कोपराखाली हिरवी तुळस आहे, मनगटाभोवती ठिपक्यांची रांग. दिवसभर रीळं बघून मला अचानक ती तुळस जगातली सर्वांत सुंदर वस्तू वाटायला लागली. मी बटर पेपर घेऊन त्यांच्या हातावर छापायला बसले. त्या मुकाट्याने बसल्या. मग म्हणाल्या, “चौघींनी धरून ठेवलंतं मला. गाव गोळा होईस्तोवर वरडले.” थोड्या वेळाने, हळूच: “बाय, आता लेझरनं हे जातं ना गो? कितीला पडतं?”

मला जे हवं ते त्यांना नको आणि त्यांना हवं ते मी लोकलमधून आणते: नेलपेंट. बायकांच्या डब्यात गळ्यात कानातल्यांची झुंबरं अडकवून बायका फिरतात, त्यांच्याकडचं चमकीचं. सासूबाईंच्या ट्रंकेत आता बावीस बाटल्या आहेत आणि छटांची नावं त्यांनी स्वतः ठेवली आहेत. मोरपंखी, जांभूळ, पोलिसाची गाडी. आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर हात, तरी रात्री नखं रंगवून झोपतात. “चिखलात उठून दिसतं,” हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

तिसऱ्या खुळाला सुरुवात पुतणीच्या हळदीत झाली. आमच्या ठाणे जिल्ह्यातली हळद बेंजोशिवाय उतरत नाही. त्या रात्री मी नाचायचं सोडून वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघत बसले. घरी येऊन शोधलं तर हे वाद्य चक्क जपानी निघालं! १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या गृहस्थांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीवरून त्याला ताइशोगोतो म्हटलं. भारतात येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं, आणि विजेची जोडणी होऊन मिरवणुकीत शिरल्यावर बेंजो. बेंजोवाल्यांवर रवी जाधवांनी २०१६ मध्ये हिंदी सिनेमाही काढला. मोरितासाहेबांनी आमच्याकडची हळद बघितली असती तर कळा बसवण्याआधी कानांची सोय केली असती.

मी जुना बेंजो घेतला. नोकरीसाठी मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, म्हणून वाटलं, कळाच दाबायच्या आहेत. तिथेच घोटाळा आहे. मी वाजवते तेव्हा तालुक्याला स्मरणपत्र धाडल्यासारखं ऐकू येतं, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा हात आपोआप गाडा डावीकडून उजवीकडे ढकलायला जातो. कुत्रा पहिल्या सुरालाच पडवीतून उठून मळ्याकडे जातो. आमचे हे कुत्र्याला शोधायला म्हणून जातात. दोघेही उशिरा येतात.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे इरलं. शहरात बायका पारदर्शक रेनकोट घालतात, त्यात माणूस फ्रिजमधल्या भाजीसारखा दिसतो. मला इरलं हवं होतं. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना अजून करता येतं, असं कळलं. बाबा म्हणाले, “कोण घालणार? तुझी सासू?” मी म्हटलं, मी. ते बराच वेळ हसले, मग कोयता घेतला. बांबू उभा चिरला, गाभा काढून टाकला, पाठीच्या कामट्या इतक्या पातळ सोलल्या की वाकवल्या तर मोडत नव्हत्या. षटकोनी डोळ्यांच्या दोन जाळ्या विणल्या. एका जाळीवर पळसाची पानं घराच्या कौलांसारखी, एकावर एक चढवून, देठ वर करून लावली. वर दुसरी जाळी दाबून कडा आवळल्या. मी एक रांग लावली. बाबांनी ती न बोलता उचलली आणि पुन्हा लावली. मी देठ खाली केले होते, पाणी सरळ मानेत आलं असतं.

झालेलं इरलं डोक्यापासून कमरेखालपर्यंत, उपड्या होडीसारखं. वाकून आवणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात. छत्रीला ते कधी जमलं नाही. मी ते घालून ऑफिसला निघाले. लोकलच्या दारात आडवं अडकलं, तिरकं करून आत गेलं, आणि समोरच्या बाईने विचारलं, “ह्याचं तिकीट काढलंय का?”

सासूबाईंनी इरलं हाताने चाचपलं, कडा बघितली, “काम चांगलं आहे,” म्हणाल्या आणि स्वतःचं जांभळं मेणकापड डोक्यावर ओढलं. तीस पावसाळे त्यांनी इरल्याखाली काढले आहेत. भिजलं की किती जड होतं, किती वास मारतं, मान कशी भरून येते, हे त्यांनी एका दमात सांगितलं. मेणकापड मात्र झटकलं की झालं. शिवाय जांभळ्या नखांना शोभतं.

रविवारी आवणी होती. मी इरलं घालूनच शेतात उतरणार, असं आठवडाभर सांगत सुटले होते. पडवीत गेले तर इरलं उताणं पडलेलं, पाळण्यासारखं, आणि त्यात आमची काळी कोंबडी अकरा अंड्यांवर फुगून बसलेली. हात पुढे केला तर चोच आली.

सासूबाई मागे उभ्याच होत्या. “खुडूक आहे ती. एकवीस दिस उठायची नाय,” म्हणाल्या. काखेतून त्यांनी दुसरं मेणकापड काढलं, पोपटी. घडीत त्याच रंगाची बाटली होती.