जिवाणूंसाठी जागा देणे आहे

नवशिका मत्स्यपालक दुकानात मासे बघतो, मुरलेला माणूस फिल्टरमध्ये भरायच्या मालाची खोकी वाचतो. सिरॅमिक रिंग, बायोबॉल, भाजलेल्या काचेचे सच्छिद्र गोळे, स्पंज. काही खोक्यांवर क्षेत्रफळही छापलेले असते: एका लिटर मालात म्हणे शेकडो चौरस मीटर! मुंबई-पुण्यात घर शोधलेल्या इच्छुकाने अशा वेळी नेहमीचाच प्रश्न विचारावा. कार्पेट किती?

कारण येणारा भाडेकरू, म्हणजे पाणी शुद्ध ठेवणारा जिवाणू, साधारण एक मायक्रोमीटरचा. त्याहून बारीक छिद्रे हिशेबात धरता येतात, पण त्याला त्यांत शिरता येत नाही. जरा मोठी छिद्रे गाळाने बुजतात आणि फार आतल्या खोल्यांत प्राणवायू पोचत नाही. नॉर्वेत सांडपाण्यासाठी घडवलेली के-1 नावाची प्लॅस्टिकची चाके आता हौशी टाक्यांतही फिरू लागली आहेत. त्यांचे उपयोगी क्षेत्रफळ लिटरमागे जेमतेम अर्धा चौरस मीटर. सांडपाण्याला जे पुरते ते सहा गप्पींना कमी पडेल, ही भीती खोकेवाल्याने घातलेली.

भाडेकरूची चौकशी मात्र नीट करावी. माशांनी सोडलेला अमोनिया विषारी. जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. त्यापुढचे नायट्रेट त्या मानाने सौम्य. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पुस्तके वर्षानुवर्षे नायट्रोबॅक्टरला देत आली. 1998 मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा तिथे नायट्रोस्पायरा नांदताना सापडला. म्हणजे करार एकाच्या नावावर, बिऱ्हाड दुसऱ्याचे! 2005 मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या टाकीत अमोनिया खाणारा जो जीव हाती लागला, तो तर जिवाणूच नव्हता. आर्किया या वेगळ्याच कुळातला निघाला. 2015 मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने उरकणारे नायट्रोस्पायराही जाहीर झाले. घरमालकाने आडनावावरून अडवणूक करू नये ती यासाठी.

लाव्हाचे सच्छिद्र दगडही चालतात. म्हणून सह्याद्रीतून पिशवी भरून आणायचा बेत कोणी केला, तर त्याला आवरावे. (वनखात्याचा मुद्दा वेगळाच.) आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत बरेचदा झिओलाइट किंवा कॅल्साइट आधीच मुक्काम ठोकून असते आणि कॅल्साइट पाणी जड करते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस आला, तर दगड बागेत ठेवावा.

शेवटी घ्यायचे काय? लहान टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज. दुकानदाराचा चेहरा उतरेल, तो उतरू द्यावा. जिवाणू जागा बघून वाढत नाहीत, अन्न बघून वाढतात. त्यांना बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे, खाद्य चिमूटभर आणि पाण्याची तपासणी वरचेवर.

सगळ्यात मोठा धोका दिवाळीच्या साफसफाईचा. घरातले कोणीतरी प्रेमाने तो कळकट स्पंज नळाखाली धरून लख्ख करते. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अर्धी वसाहत संपते आणि पाडव्यापर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. तेव्हा टाकीतलेच पाणी बादलीत काढून स्पंज त्यात दोनदा पिळावा, आणि ते तपकिरी पाणी कोणी मोरीत ओतायच्या आत गॅलरीतल्या मोगऱ्याला घालावे.