पावसाने धुतलेली मिरची

आप्पांचं नुकसान होत नाही. मिरचीच्या धंद्यात उभी हयात गेली, तरी एकदाही झालं नाही. नंदुरबारच्या बाजारात असे आप्पा दोन-चार तरी सापडतील: पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, कानाला मोबाइल आणि कायम पाणावलेले डोळे. हे पाणी दुःखाचं नव्हे, ढिगाशेजारी बसून बसून मिरचीनेच आणलेलं. नवखा शेतकरी मात्र त्या डोळ्यांकडे बघून भावात नमतं घेतो.

या धंद्याची रीतच धाडसाची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची बाजार समितीत यायला लागते. व्यापारी ती घेतात आणि गावाबाहेर उघड्या पथारींवर वाळत घालतात. बाया देठ खुडतात, मिरची पसरतात, खालची वर करतात. रस्त्याने जाणारा शिंकत जातो. छप्पर नाही, भिंत नाही. लाखोंचा माल आभाळाच्या भरवशावर. २०२३च्या नोव्हेंबर अखेरीस अवकाळी कोसळला आणि पथारीवरची मिरची भिजली. भिजली की रंग उतरतो, पांढरट पडते, बुरशी धरते. बाकीचे ताडपत्र्या घेऊन धावत होते. आप्पा छत्रीखाली शांत उभे होते. मनात बहुधा जाहिरात जुळत होती.

बुरशीचा माल त्यांनी फेकला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. उरलेला पुन्हा उन्हात घातला, आणि तो वाळेपर्यंत त्याचं बारसं झालं होतं: ‘पावसाने धुतलेली’.

“उघड्यावर वाळते म्हणजे धूळ बसणारच ना शेठ,” सुरतेकडून आलेल्या किराणावाल्याला ते समजावत होते. “ही देवाने स्वतः धुऊन दिली.”

“पण रंग कुठंय?”

“रंग पाहिजे तर कुंकू घ्या. मिरची खायला असते.”

“तिखटही कमी लागतेय.”

“तेच तर! तुमच्याकडे भाजीत गूळ घालतात. ही घेतली तर गूळ वाचेल.”

शेठने दोन पोती उचलली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आप्पांना तिथे बसवलं, तर ते अलीकडच्या टोकाला झणझणीत विकतील आणि पलीकडच्या टोकाला सौम्य. पोतं एकच.

नवापूरवरून आठवलं. २००६च्या फेब्रुवारीत तिथल्या पोल्ट्रींमध्ये बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, पोल्ट्रीवाले बुडाले. लोक चिकनचं नाव काढेनात, आणि चिकन नाही म्हटल्यावर काळा मसाला कोण घेणार? आप्पांनी त्याच मसाल्याच्या पुड्यांवर ‘शेवभाजी स्पेशल’ची चिठ्ठी चिकटवली. “कोंबडी आजारी पडली असेल,” ते म्हणत, “शेवेला अजून काही झालेलं नाही.” पुढे चिकन परत आलं. चिठ्ठ्या मात्र छापून उरल्या होत्या, त्यामुळे कोंबडीवालेही बरीच वर्षं ‘शेवभाजी स्पेशल’च नेत होते.

या माणसाचं कौतुक वाटतं. पण काट्यापाशी थोडा वेळ उभं राहिलं की ते जरा उतरतं. पाऊस एकच असतो. आप्पांच्या तोंडी त्याची नावं दोन. विकताना ‘धुतलेली’, घेताना ‘पाणी लागलेली’. गोदाम आणि जीभ ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी संकट ही संधी. ज्याच्याकडे नुसतं शेत आहे, त्याला त्याच संकटाची वजावट.

त्याच पावसानंतर शहाद्याकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. आप्पांनी मूठभर मिरची उचलली, दाबली आणि चेहरा पाडला. “पाणी लागलंय भाऊ. दोनशे कमी होतील.”

तो आधी काही बोलला नाही. गोदामाच्या दारावरची ‘पावसाने धुतलेली’ ही पाटी त्याने सावकाश वाचली. मग म्हणाला, “आप्पा, पानी ते तुमनी पथारीवर बी पडनं ना? ती धुयेल, आनि मन्ही भिजेल?”

हमाल हसले. हिशोबनीसाने वहीत डोकं घातलं. आता आप्पा सापडले, असं मलाही वाटलं.

“तुझीही धुतलेलीच आहे,” आप्पा गंभीरपणे म्हणाले. “नाही कुठे म्हणतोय? ते दोनशे धुलाईचे.”

शेतकऱ्याने वाद घातला नाही. ताडपत्री पुन्हा ओढली आणि ड्रायव्हरला शेजारच्या काट्याकडे बोट दाखवलं. टेम्पो सुरू झाला तसे आप्पा सदरा सावरत मागे निघाले. “थांब रे, थांब! ढग परत येऊन राहिले. आणखी एकदा धुतली गेली तर मला परवडायची नाही. शंभर सोडले!”

टेम्पो थांबला नाही. पुढच्या काट्यापाशी पोचेपर्यंत धुलाई फुकट झाली होती.