आबांचे पन्नास हजार तास

परवापरवापर्यंत आबांकडे टीव्ही बघायला जायचं तर चपला काढायच्या आधी परवानगी घ्यावी लागायची. "आत्ता नाही," ते ओट्यावरूनच सांगायचे, "आजचे दोन तास झाले." डॉक्टरांनी मीठ कमी सांगितल्यावर माणूस लोणच्याकडे बघतो, तसे ते बोलता बोलता आतल्या बंद पडद्याकडे बघायचे.

लोणावळ्यात आमची नि त्यांची भिंत एक. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मालगाडीचे गार्ड. २०२२ साली रेल्वेने गार्डांना 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरवलं तेव्हा आबा आठवडाभर धुमसत होते : मी घरी बसल्यावर यांना सुचलं! पुण्याकडून येणारी गाडी लोणावळ्याला थांबते ती आपल्याला चिक्की घेता यावी म्हणून, असा प्रवाशांचा समज असतो. थांबते ती बोरघाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला. आबांचा सगळा स्वभाव त्या थांब्यात आहे. कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी ती थांबते का, हे बघायचं.

२०१९ साली त्यांनी पुण्यातून त्रेचाळीस इंची एलईडी टीव्ही आणला. दुकानातला पोरगा सहज बोलून गेला, "काका, पन्नास हजार तास बघायला नको." हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं असतं. आबांनी घरी येऊन वही आखली. गार्डाच्या जर्नलमध्ये असतात तसेच रकाने : चालू, बंद, एकूण, कारण. कारणाच्या रकान्यात 'बातम्या', 'हवामान', 'पाहुणे', आणि बरेचदा नुसतं 'माई', म्हणजे त्यांची बायको.

काही माणसं जप करतात, काही नुसतंच जपतात. आबा दुसऱ्या पंथातले. रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर बँड. पडद्याच्या कडेचं चिकटपट्टीचं वेष्टण पाच वर्षं तसंच. माईंनी शिवलेला भरतकामाचा झगा, त्यावर पावसाळ्यात जाड प्लॅस्टिक. ब्राइटनेस शंभरातला वीस. त्यांच्याकडे एकदा आम्ही रहस्यपट पाहिला. खून झाला एवढं आवाजावरून कळलं. कुणी केला, ते अजून माहीत नाही.

आता आबांची बाजूही सांगितली पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून ते पुणेकरांना दिसू लागलं, आणि पुढे केव्हातरी आबांच्या वडिलांनी सरकत्या दारांचा, कुलूप लागणारा कृष्णधवल टीव्ही घेतला. त्यानंतरच्या रंगीत टीव्हीची ट्यूब आबांच्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. आधी चित्र यायला दोन मिनिटं लागू लागली, मग रंग विटके, मग माणसांच्या तोंडाला मुलतानी माती फासल्यासारखी कळा. "ट्यूब वीक झाली," एवढं बोलून मेकॅनिक चहा पिऊन गेला. हा मृत्यू आबांनी जवळून पाहिला होता. सपाट टीव्हीत ट्यूबच नसते, हे कळूनही त्यांची भीती काही सपाट झाली नाही.

शिवाय दिवे मंद ठेवले तर ते जास्त टिकतात, हे खरंच आहे. दुकानात टीव्ही भडक मोडवर लावतात तो शेजारच्या टीव्हीपेक्षा उजळ दिसावा म्हणून. घरी आणूनही तो तसाच भगभगता ठेवणारी माणसं मला ठाऊक आहेत. आबा दुसऱ्या टोकाला होते इतकंच.

पावसाळ्यात मात्र हे टोक फार लांब जायचं. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. जून ते सप्टेंबर मिठाचं पाणी होतं, काडेपेटीतली काडी पेटत नाही, कपाटातल्या बुटांना मिशा फुटतात, आणि चिक्कीचा डबा उघडा राहिला तर तिचा चिकटगुंडा होतो. आबांच्या मते अशा हवेत टीव्ही लावणं म्हणजे न्हाणीघरात पुस्तक वाचणं. त्यातून पाऊस जोरात आला की डिशच्या छत्रीचा सिग्नल जातो आणि पडद्यावर नुसती 'सिग्नल नाही' ही पाटी येते. आबा मीटर पडल्यासारखे ओरडायचे, "बंद कर! दिवे जळतायत!" माई म्हणायच्या, "इथल्या धरणांचं पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईचे दिवे लावतंय, आणि माझ्या घरात एका पाटीचे दिवे परवडेनात."

२०२३ चा विश्वचषक अंतिम सामना आठवतो. १९ नोव्हेंबर. आबांनी त्याआधी चार दिवस टीव्ही लावलाच नाही, आठ तास साठवले. लोक रजा साठवतात, आबांनी तास साठवले. अहमदाबादला आपण हरलो तेव्हा खोलीत सुतक पडलं. आबांचं दुःख वेगळं होतं. वहीत त्यांनी साडेसात तास मांडले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : 'वाया'.

पुढच्या मे महिन्यात पुण्याहून नात आली. इयत्ता सातवी, गणितात बरी. तिने वही उलटीपालटी केली आणि विचारलं, "आबा, रोज दोन तास म्हणजे पन्नास हजार तासांना पंचवीस हजार दिवस. अडुसष्ट वर्षं. टीव्ही घेतला तेव्हा तुम्ही सहासष्टचे. मग तुम्ही एकशे चौतीस वर्षांचे होईपर्यंत हा चालणार?"

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. पाच वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास तास खर्च झाले होते. उरलेले सेहेचाळीस हजार कुणाच्या घशात जाणार, हा विचार त्यांना पहिल्यांदा शिवला. जावयांच्या. जावई दिवसभर टीव्ही लावून पेपर वाचतात.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सकाळी दहाला भजनं सुरू झाली. मग शेती, मग स्वयंपाक, मग दाक्षिणात्य मारामारीचे डब केलेले सिनेमे. रात्री दहाच्या ठोक्याला चालू जाहिरात मध्येच कापली जायची. रोज बारा तास! त्या हिशेबाने ब्याऐंशीव्या वर्षी खातं चुकतं होणार होतं. झगा गेला, प्लॅस्टिक गेलं, ब्राइटनेस शंभर. "भरलेल्या पैशाचा उजेड आहे," आबा म्हणाले. माई दुपारची झोप घ्यायला आमच्याकडे येऊ लागल्या.

जुलैत, मुसळधार पावसाच्या एका संध्याकाळी, बातमीदार बोलत राहिला आणि चित्र गेलं.

कामशेतहून मेकॅनिक आला. कोवळा पोरगा, लोकलने, भिजलेला. त्याने खोलीतला दिवा घालवला आणि बॅटरीचा झोत पडद्यावर टेकवला. काळ्या पडद्याच्या तळाशी, विहिरीत वाकून दिसावा तसा, बातमीदार पुसट दिसत होता. "पॅनल जिवंत आहे. बॅकलाइट गेला. पट्टीतला एक एलईडी गेला की सगळे जातात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखं."

"पण पन्नास हजार तास?" आबांनी वही पुढे केली. "साडेचार हजारसुद्धा झाले नाहीत!"

पोराने वही आदराने पाहिली. मग त्याने जे सांगितलं ते आबांना कुणीतरी पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तो आकडा टीव्हीच्या आयुष्याचा नसतो. दिव्यांचा उजेड निम्म्यावर यायला साधारण किती तास लागतील, त्याचा तो अंदाज असतो. आणि उजेड इतका हळू उतरतो की आपल्या डोळ्यांना पत्ता लागत नाही. फार तर दिव्यांवरचा पिवळा थर म्हातारा झाला की चित्राला निळसर झाक येते. तोवर पट्टी, बोर्ड, फुगलेला कंडेन्सर, वळिवातली वीज, यांपैकी कुणीतरी आधीच निकाल लावतं. आणि दमट हवेत टीव्ही बंद ठेवणं तर वाईटच. रोज थोडा चालला की आपल्या उबेने कोरडा राहतो. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, आतल्या जोडण्यांना गंज धरतो.

"तुम्ही पाच पावसाळे भिजत घातला," तो म्हणाला, "आणि मग दोन महिने फुल ब्राइटनेसवर तळला. डाळवडा झाला त्याचा."

माई तीन दिवस हसत होत्या.

नव्या पट्ट्या बसल्या. पोराने बजावलं : रोज चालवा, उजेड निम्मा ठेवा, झाकू नका, वीज कडाडली की प्लग आणि केबल दोन्ही काढा. आबांनी मान डोलावली आणि एकच प्रश्न विचारला, "गॅरंटी किती?"

"तीन महिने."

नवी वही निघाली. पहिल्या पानावर आकडेमोड आहे : नव्वद दिवस, गुणिले चोवीस, दोन हजार एकशे साठ तास. जायचंच असेल तर फुकटात जावं, हा विचार. तेव्हापासून आबांचा टीव्ही रात्रीही बंद होत नाही. काल दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला होता, तेव्हा वहीत एक्क्याऐंशीवा दिवस चालू होता. चित्र लख्ख आहे आणि आबा काळजीत आहेत.