बढती

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही जुनी म्हण. 2023 मध्ये त्या पाळण्यात महापालिकेचं बारसं झालं; राज्यातली 29वी. बाळाला आयुक्त मिळाले, पाटी मिळाली. नगरसेवक मात्र नव्हते. नगरपालिकेची मुदत संपल्यापासून प्रशासकांचं राज्य होतं, तेच पुढे चाललं. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असं राज्यघटना सांगते, पण मुंबईतल्या फायलींना कसली घाई? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला, तेव्हा कुठे जानेवारी 2026 मध्ये पहिलं मतदान झालं.

मधल्या काळात गटार तुंबलं की शिव्या कुणाला द्यायच्या, हा मोठाच प्रश्न होता. नगरसेवक निदान लग्नाच्या पंगतीत तरी सापडतो. प्रशासक ‘मीटिंगमध्ये’ असतात.

बढती मिळाली तरी पाणी आपल्याच चालीने आलं. निजामकाळातला घाणेवाडी तलाव अजून राबतो, जायकवाडीची पाइपलाइनही आहे. तरी नळ येणार म्हटलं की घरात सणासारखी धावपळ. ड्रम, घागरी, पिंप, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवायची. गल्लीत खरा मान व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला. आयुक्तांचं नाव विचाराल तर लोक आठवत बसतील. याचा मोबाइल नंबर मात्र प्रत्येक बाईला तोंडपाठ. त्याची ना निवडणूक होते, ना मुदत संपते.

आता महापौर आले आहेत. पाणी कधी येणार, हे सध्या तरी व्हॉल्व्हवाल्यालाच विचारावं.