तीनच वाजत्यात

नोकरी लागून बूड जरा स्थिर झालं की मुलाला एक तर लग्न सुचतं, नाही तर गाडी. लग्नाचं खातं आईकडे होतं, म्हणून गाडीचं मी स्वतःकडे घेतलं. अट एकच, गाडी स्पोर्टी हवी. बजेटही एकच, साडेतीन लाख. ही दोन वाक्यं एका दमात म्हणता येतात, पण ती एका गाडीत बसत नाहीत, हे पुणे-सातारा पट्ट्यात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

आप्पांचा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. गाडीने जावं, यावं आणि मधे बंद पडू नये, एवढंच त्यांचं गाडीबद्दलचं तत्त्वज्ञान. ते म्हणाले, "मारुती 800 बघ एखादी. सचिननं बी पयली तीच घेतली हुती."

"आप्पा, पुढे त्याच्याकडे फेरारी आली."

"मग तू बी काढ की आधी शंभर शतकं."

आपल्याकडे चपळ छोटी गाडी दुर्मीळ का, याचं उत्तर मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवत असे. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत दिली. तेव्हापासून छोट्या गाडीत मोठं इंजिन घालणं म्हणजे कंपनीने आपण होऊन गिऱ्हाईक पळवून लावणं झालं. त्या आधीची फियाट पॅलिओ 1.6, कुर्ल्याच्या कारखान्यातली, शंभर घोड्यांची. नंतरची अबार्थ पुंटो, रांजणगावची, 145 घोड्यांची. आणि या दोघींच्या मधे, सगळे नियम पाळूनही मस्ती करणारी, चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. 2013 ची. 1197 सीसी, टर्बो, 105 घोडे, शंभरचा वेग 9.7 सेकंदांत. हे आकडे मला आईच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ होते, आणि हे आईलाही माहीत होतं.

सुरुवात पॅलिओपासून केली. कराडजवळच्या एका गावात एक आहे असं कळलं. गेलो. अंगणात गाडी, बॉनेटवर सांडगे वाळत घातलेले. मालकांनी सांडगे बाजूला केले, इंजिन दाखवलं, चहा दिला, सचिनच्या जाहिरातींच्या आठवणी सांगितल्या. मी किंमत विचारली तसा त्यांचा चेहरा पडला. त्यांना गाडी विकायची नव्हती, नुसती दाखवायची होती. पंधरा वर्षांपुढची गाडी म्हणजे पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर, हे सगळं त्यांनी हौसेने भरलं होतं. शिवाय 1500 सीसीच्या वर गेलं की नुसता थर्ड पार्टी विमाच तेव्हाच्या दराने 7,897 रुपये; त्याच्या आत राहिलं तर 3,416. म्हणजे वरच्या शंभर सीसीला साडेचार हजार. मी सांडगे विकत घेऊन परत आलो.

अबार्थ पुंटो पाहायला गेलोच नाही. तिची किंमत फोनवरच कळली.

मग काही दिवस दिल्लीच्या गाड्यांनी घेतले. तिकडे तेव्हा डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की रस्ता बंद व्हायचा, त्यामुळे नवव्या वर्षी त्या गाडीला अचानक महाराष्ट्राची ओढ लागायची. दिसायला चकचकीत, भावाला निम्मी. पण एनओसी आणा, इथला रस्ता कर पुन्हा भरा, नवीन नंबर घ्या. एवढं सगळं होईस्तोवर स्वस्ताई संपते आणि गाडीचं आणखी एक वर्षही.

जुन्या गाडीच्या बाजाराची भाषा मात्र मला या काळात चांगली आली. 'डॉक्टरांची गाडी' म्हणजे डॉक्टरांचा मुलगा चालवायचा. 'लेडीज हँड' म्हणजे चारही कोपऱ्यांना टचअप. 'फक्त हायवे रनिंग' म्हणजे मीटर मागे फिरवलंय आणि तेही घाईत. इतकं शहाणपण अंगी आल्यावर माणसाला कोण फसवणार?

ती मला पिंपरीच्या बाजूला एका शेडमध्ये भेटली. लाल पोलो, 2014 ची, एमएच 14. मागे डाव्या हाताला 'जीटी', उजव्या हाताला 'टीएसआय'. काळं छप्पर, काळे आरसे, मागे मनगट जाईल एवढा सायलेन्सर. विकणाऱ्या गृहस्थांनी सेल मारला आणि शेडचे पत्रे थरथरले. माझ्या पोटात कालवाकालव झाली. ती प्रेमाची होती असं मी धरून चाललो.

तपासणी मी पद्धतशीर केली. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले, 1119, म्हणजे 2019 च्या अकराव्या आठवड्यातला टायर. सगळ्या काचांवरची वर्षं जुळवली. बॉनेटच्या बोल्टांचा रंग उडालाय का ते पाहिलं. ऑइलचं झाकण उघडून आतून दुधाळ साय धरली नाही ना ते बघितलं. डिकीतली स्टेपनी उचलून खाली गंज शोधला. गृहस्थ कौतुकाने बघत होते. "साहेब, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले, आणि ते अक्षरशः खरं होतं.

आत बसलो तर गिअरचा दांडा, पायाशी क्लच. मला आठवलं की जीटी टीएसआय त्या काळात फक्त सात गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये यायची. मी तसं म्हणालो. गृहस्थांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मॅन्युअलच्या मोजक्याच काढल्या होत्या. ट्रायलसाठी. कंपनीच्या आतल्या माणसाची गाडी आहे ही."

चाकण तिथून जवळच. आतला माणूस असणं शक्य होतं. मी गप्प बसलो, कारण एवढी दुर्मीळ वस्तू साडेतीन लाखांत मिळत असताना जास्त बोललं तर भाव वाढेल अशी मला धास्ती वाटली. आरसी पाहिली. बोजा नाही, मालक दुसरा, इंजिन 1198 सीसी. माझ्या पाठांतरात 1197 होतं. एक सीसी जास्तच! मी मनातल्या मनात तो एक सीसी खिशात टाकला आणि टोकन दिलं.

आप्पांना दाखवायला गाडी साताऱ्याला नेली. त्यांनी चष्मा काढला, गाडीत बसले आणि पोवई नाक्यापर्यंत एक चक्कर मारून आले. तिसऱ्या गिअरात, काच खाली करून, मान जरा तिरकी. उतरल्यावर म्हणाले, "आरं, तीनच वाजत्यात."

"काय तीन?"

"सिलिंडर. चौथा वाजंना."

मी त्यांना स्पोर्ट ट्यूनिंग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. टर्बो गाडीचा ठेका वेगळा असतो, जर्मन इंजिनाचं तंत्र वेगळं, सहा सिलिंडरच्या एसटीवर तयार झालेल्या कानाला ते कळणार नाही, असं साधारण पंधरा मिनिटं बोललो. आप्पा शांतपणे ऐकत होते. मग आईला म्हणाले, "च्या टाक."

त्यानंतरचा काळ ध्वनीच्या दृष्टीने वैभवशाली होता. सोसायटीत शिरलो की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ उठायचं आणि त्याची आजी गॅलरीत यायची. वॉचमन फाटक आधीच उघडून ठेवायचा. आदराने नव्हे, मी फाटकाशी थांबून रेस करू नये म्हणून. आधीच्या मालकाने स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली. स्पीडब्रेकर दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं 1988 चं मानक सांगतं. हे मी आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर अडकून, मागच्या रिक्षावाल्याला सांगून पाहिलं. त्याने मानकाबद्दल जे मत दिलं ते छापता येणार नाही. पुढे पुढे मित्र स्पीडब्रेकर आला की आपण होऊन उतरायचे, चालत पलीकडे जायचे आणि पुन्हा बसायचे.

खंबाटकी घाटात एकदा खरी परीक्षा झाली. साताऱ्याकडे जाताना चढ लागतो. पुढे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला पिकअप. मी दुसरा टाकला, पाय दाबला. आवाज असा उठला की पिकअपवाल्याने घाबरून बाजू दिली. मग तो वाट बघत राहिला. आरशात बघे, पुन्हा पुढे बघे. मी गर्जत होतो, पण येत नव्हतो. शेवटी त्याने कंटाळून गिअर टाकला आणि निघून गेला. मी त्या दिवशीच्या पेट्रोलला दोष दिला.

पुढच्याच वळणापलीकडे, सपाटीला लागल्यावर, वाहतूक पोलिसांनी हात केला. सायलेन्सर बदललेला, पावती झाली. हवालदार भला माणूस होता. म्हणाला, "आवाज कवाच आला हुता. मी म्हटलं पाच-सहा गाड्या असतील. मग लई वेळानं तुमी आला." कंपनीने दिलेल्या रूपात बदल करून गाडी चालवता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय, हे मला माहीत होतं. मला गाडीबद्दल सगळंच माहीत होतं.

मूळचा सायलेन्सर मिळाला पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, दोन पंखे आणि एका देवघराच्या मधोमध. तो बसवायला मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, खालून बॅटरी मारली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

"टर्बोला काही झालंय का?" मी विचारलं.

"कुठल्या टर्बोला?"

"हिच्या."

त्याने गाडी खाली घेतली, बॉनेट उघडलं आणि चार बोटं वर केली. मग एक मुडपलं. "साधी 1.2 आहे दादा. तीन सिलिंडर, 75 घोडे. चांगली गाडी आहे. निवांत आहे. जीटी फक्त मागं लिहिलंय. बिल्ला ऑनलाइन मिळतो." मी आरसी काढली. 1198 च्या जवळच सिलिंडरांच्या रकान्यात ठळक 3 होतं. मी खिशात टाकलेला एक सीसी असा तीस घोड्यांना पडला होता.

नवा, म्हणजे जुना, सायलेन्सर बसला आणि गाडीतून वेग निघून गेला. यंत्रात काडीचाही फरक नव्हता. पण काल जी साठला ऐंशीसारखी धावायची, ती आज साठला साठच धावत होती. स्प्रिंगाही कंपनीच्या टाकल्या. आईचे गुडघे बसता-उठता कुरकुरायचे बंद झाले. अॅव्हरेज वाढलं. गाडीचा बिचारीचा काहीच दोष नव्हता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी केसांचा ड्रायर आणि दोरा घेऊन मागचा बिल्ला काढायला बसलो, तर आप्पांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. पावण्यांस्नी सांगून झालंय."

आता महिन्यातले बहुतेक दिवस गाडी आप्पांकडेच असते. मागे एकदा दोघं पुण्याकडे येत होतो, शिरवळला चहाला थांबलो. शेजारी एक पोलो येऊन लागली. पांढरी, मागे जीटी टीएसआय, अस्सल. चोवीस-पंचवीसचा मुलगा उतरला, आमच्या बिल्ल्याकडे बघून ओळखीचं हसला, काचेतून आत डोकावला आणि थबकला.

"मॅन्युअल? जीटी टीएसआय मॅन्युअल कशी काय?"

मी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "मोजक्याच काढल्या होत्या. ट्रायलसाठी."

त्याच्या डोळ्यांत अविश्वास होता. तेवढ्यात आप्पांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आन सिलिंडर बी तीनच बसवलेत. वजन कमी व्हावं म्हणून."